फुलपाखरू हवं, अळी नको!

दरवर्षी गॅदरिंगच्या स्टेजमागे थर्माकोलची फुलपाखरं चिकटवायची आपल्याकडे पद्धत आहे. मीही रात्र रात्र जागून ती कापली आहेत, त्यामुळे तक्रार करायचा मला फारसा हक्क नाही. पण गेल्या सप्टेंबरात मेसमागच्या जाळीवरच्या कृष्णकमळाच्या वेलावर औषध मारलं गेलं, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. ती इथे लिहून मोकळा होतो.

झालं असं की वेलाला अळी पडली. तांबूस, अंगभर काटे, एकेका पानावर आठ-दहा. त्यातली एक भिंतीवरून चालत मेसच्या खिडकीत आली आणि आमच्या ब्लॉकमधल्या एका वीराने ताट सोडून ओरडा केला. (हाच गडी भाजीतला केस निमूट बाजूला काढून जेवतो.) दुसऱ्या दिवशी अर्ज, तिसऱ्या दिवशी पंप. संध्याकाळी फरशीवर अळ्यांचा सडा पडला होता. मामांनी झाडूने सुपलीत भरून टाकला.

त्यातल्या चार अळ्या आधीच माझ्या रूमवर होत्या, पार्टनरच्या आईने दिलेल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. हौस म्हणून आणल्या होत्या. दोन मेल्या, चूक माझीच, सबमिशनच्या गडबडीत पानं बदलायची राहिली. उरलेल्या दोघी झाकणाला शेपटीने उलट्या लटकल्या आणि त्यांचे पांढरट कोष झाले, त्यावर काळ्या रेघा आणि नारिंगी ठिपके. एखाद्याने ड्रॉइंग पेनने बसून काढावेत तसे! आठवड्याच्या आत सकाळी सकाळी एक फुटला. नारिंगी पंख, त्यावर काळे ठिपके, मागच्या पंखाला काळी किनार आणि किनारीत पांढरे टिपके. याचं नाव टॉनी कोस्टर. इंग्लंडात ज्या ठिपकेवाल्या नारिंगी फुलपाखरांना फ्रिटिलरी म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच जणींच्याच उपकुळातलं हे आपलं गाववालं.

त्या काट्यांची भीती आपल्याला का वाटते? आपण सरसकट सगळ्यांनाच सुरवंट म्हणतो आणि सुरवंट म्हटलं की खाज. मी हातावर घेऊन बघितलं, काही होत नाही. शिवाय आपल्यातले निम्मे शेतकऱ्याघरचे. घरी बोंडअळीने काय केलं ते आपण पाहिलंय, म्हणून अळी दिसली की हात आपोआप पंपाकडे जातो. ते मी समजू शकतो. पण ही अळी कपाशीवर जात नाही. तिला कृष्णकमळासारखेच मोजके वेल लागतात, नाहीतर माळावरचं रतनपुरुष नावाचं बारकं गुलाबी-जांभळं फूल. गंमत म्हणजे रतनपुरुष व्हायोलेटच्या कुळातलं, आणि युरोपातल्या बऱ्याच फ्रिटिलरींच्या अळ्याही व्हायोलेटच खातात. कृष्णकमळाचं कूळही त्याच्या जवळचंच. एवढ्या लांबच्या भाऊबंदांची आवड अजून जुळते!

बरं, हा वेल काही साधा नाही. त्याच्या पानांत सायनाइड सोडणारी रसायनं असतात. या घराण्यातली फुलपाखरं अंगात तसलीच रसायनं बाळगून असतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. टॉनी कोस्टर उडतंही आरामात, पीएलमधल्या पोरासारखं. पकडलं तर मेल्याचं सोंग घेतं आणि अंगातून पिवळा द्रव सोडतं. अशा संथ फुलपाखराने आग्नेय आशिया ओलांडून २०१२ साली ऑस्ट्रेलिया गाठलं. आणि आपण त्याला मेसच्या जाळीवर राहू देत नाही.

"वेल बोडका होतो, वाईट दिसतं," असं ऑफिसमध्ये मला सांगण्यात आलं. होतो, खरं आहे. पण माझ्या गावच्या घरी मी तो दोनदा बोडका झालेला आणि दोन्ही वेळा पुन्हा फुटलेला पाहिलाय. जेवणाच्या ताटाशेजारी अळी नको, हेही मान्य. वादच नाही.

आणि फवारणी थांबवली की सगळं झालं, असंही नाही. इंग्लंडातल्या काही फ्रिटिलरी औषधाने नाही, तर रानातली झाडं ठरावीक वर्षांनी तोडायची जुनी पद्धत बंद पडल्यामुळे कमी झाल्या. सावली दाट झाली, खाली ऊन पोचेना, व्हायोलेट गेले. अळीचं झाड गेलं की फुलपाखरू जातं, एवढा साधा हिशोब. आपल्याकडे एकदांडीवर भिरभिरणारं कॉमन लेपर्ड दिसतं, क्षणभर पंख स्थिर ठेवत नाही. त्याच्या अळीला तांबट लागतो. अख्ख्या कॅम्पसमध्ये तांबट मला एकच सापडला, वर्कशॉपमागे, भंगाराच्या ढिगाला टेकलेला. नवीन पार्किंगच्या आखणीत तो येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. मेसच्या जाळीवरचा वेल काढा, पण एक वेल मागच्या कंपाउंडला लावा आणि तिथे पंप नेऊ नका. पार्किंगची रेघ चार फूट सरकवा. माळीकाकांशी बोललो, ते म्हणाले, "मला काय, साहेबांनी सांगितलं तर लावतो, नाही सांगितलं तरी लावतो." कलमाच्या तीन कांड्या सध्या आमच्या खिडकीत बादलीत आहेत. एकीला पान फुटलंय.