पाय, उवा आणि केसपेपर

मीना कंदसामी यांची ‘व्हेन आय हिट यू’ ही इंग्रजी कादंबरी २०१७ साली आली आणि पुढच्याच वर्षी विमेन्स प्राइझच्या अंतिम यादीत पोचली. समुपदेशकांनी आणि संरक्षण अधिकाऱ्यांनी ती वाचावी असे आम्हाला वाटते, आणि तेही नवऱ्याच्या क्रौर्यासाठी नाही. तसले क्रौर्य आपल्या टेबलासमोर रोज येऊन बसते. वाचायची ती सुरुवातीसाठी. नवऱ्याला सोडून माहेरी परतलेल्या मुलीची हकीकत तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. त्या हकीकतीत मार जवळजवळ नाहीच. आहेत ते मुलीचे काळवंडलेले, भेगाळलेले पाय, केसांतल्या उवा आणि त्या उवांशी आईने दिलेली झुंज. आई प्रेमळ आहे, खोटेही बोलत नाही. पण सांगता सांगता गोष्टीची नायिका तीच होऊन बसते. शेवटी मुलगी ठरवते, आपली गोष्ट आपणच लिहायची. आमचे म्हणणे एवढेच की त्या आईत आपण स्वतःला ओळखावे. केसपेपर लिहिताना आपणही सोसलेल्या बाईची गोष्ट आपल्या सोयीची करून घेतो.

कादंबरीतला छळ कसा चालतो ते पाहा. लग्नानंतर निवेदिका मंगळूरला येते. नवरा प्राध्यापक, कधीकाळचा क्रांतिकारक, जनतेच्या मुक्तीवर तासन्‌तास बोलणारा. तिने फेसबुक बंद करावे म्हणून तो काड्या पेटवून स्वतःच्याच कातडीवर विझवत राहतो. तिच्या अंगाला बोटही लागलेले नसते, पण तिचे जग एका खिडकीने कमी झालेले असते. मग पाळी ईमेलची. हजारो मेल पुसले जातात, आणि त्यांच्याबरोबर तिची लेखिका म्हणून असलेली ओळख. ती काल्पनिक प्रियकरांना पत्रे लिहिते आणि नवरा घरी यायच्या आत पुसून टाकते. मारहाण आणि बलात्कार येतात तेही या बंदोबस्ताचा भाग म्हणून, सुटे अपघात म्हणून नव्हे. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले होते: वार मोजत बसलात तर स्वातंत्र्य कसे हिरावले गेले ते दिसत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने अशा नियंत्रणालाच गुन्हा ठरवले. आपला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदाही या बाबतीत कोता नाही. त्याच्या तिसऱ्या कलमात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ आहे. कौटुंबिक घटना अहवालाच्या नमुन्यात घराबाहेर पडू न देणे, ठरावीक माणसांना भेटू न देणे यांनाही जागा आहे. नमुन्यात जागा असते. आपण तिथे एक खूण करून तारीख-वेळेच्या रकान्याकडे वळतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो कोर्टाचा. दंडाधिकाऱ्यांपुढे तारीख, जखम, साक्षीदार लागतात. बाईचे दोन तास ऐकून अर्ज उभा राहत नाही. खरेच आहे, आणि तारखांचा कंटाळा करणारा कार्यकर्ता बाईचे नुकसानच करतो. पण क्रम बदलता येतो. आधी तिचे सांगणे तिच्या ओघात, तिच्या शब्दांत उतरवावे, मग त्यातून तारखा काढाव्यात. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. इंग्रजीत लिहिणारी, शब्द हेच हत्यार असलेली निवेदिका कुठे आणि तालुक्याच्या केंद्रात पदर सावरत बसलेली बाई कुठे? अंतर आहेच. पण फोनवर ‘जरा सबुरीने घे’ असा सल्ला कादंबरीतल्या आईबापांकडूनही येतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी मदत मागितली. ७७ टक्के कुणापाशी बोलल्याच नाहीत. त्यातूनही जी येते, तिची गोष्ट भावाने, शेजारणीने, ठाण्यातल्या हवालदाराने आधीच सांगून टाकलेली असते. लेखिकेला निदान कागद हाताशी होता. हिला तो आपणच द्यायचा आहे.

राहिला प्रश्न कादंबरीला पुरावा मानण्याचा. कंदसामींनी २०१२ मध्ये स्वतःच्या हिंसक विवाहाबद्दल जाहीरपणे लिहिले होते, तरी हे पुस्तक निव्वळ आत्मकथा म्हणून वाचण्याला त्यांचा आक्षेप आहे. तो मानायला हवा; नाहीतर आपणही पाय आणि उवाच पाहत बसू. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्येच बजावले होते की सावरण्याची सूत्रे सोसणाऱ्या व्यक्तीच्याच हाती हवीत. आपल्याकडे मात्र बाई घराबाहेर पडली की ‘माहेरी गेली’ असा शेरा मारून फाइल मिटते, आणि ‘इतके दिवस राहिलीसच का?’ हा प्रश्न तिच्या मागे माहेरच्या उंबऱ्यापर्यंत जातो. सही घेण्यापूर्वी लिहिलेले तिला वाचून दाखवावे. ‘असं नव्हतं ते’ म्हणाली, तर खोडायला पेन तिच्या हातात द्यावे. केसपेपर गिचमिड दिसेल, दिसू दे.