लहान एंजिनाची मोठी शिकवण

टेबलावर मावेल एवढें वाफेचें एंजिन स्वतःच्या हातानें घडविणें हा रिकामपणचा उद्योग आहे, असें आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें. मुलगा पुस्तक घेऊन बसला कीं घरचे लोक संतुष्ट होतात. तोच तेलकट हातांनीं लेथपाशीं उभा राहिला कीं त्याचें पुढें कसें होणार, अशी त्यांस चिंता पडते. ही समजूत नुसती चुकीची नव्हे, तर आमच्या उद्योगधंद्यांस घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

लहान एंजिनाचें काम सोपें असतें, हा पहिला भ्रम. २० मिलिमीटर व्यासाच्या पोकळीचा सिलिंडर घ्या. ओतीव तुकडा चार जबड्यांच्या चकांत धरून आंतून कातावा लागतो, आणि तो न सोडतां त्याच पकडींत त्याचें एक तोंडही साफ करावें लागतें. तसें न केल्यास झांकण पोकळीशीं काटकोनांत बसत नाहीं, दट्ट्याचा दांडा तिरपा चालतो आणि एंजिन अडकतें. दट्ट्या सैल झाला तर वाफ निसटते. घट्ट झाला तर चाक फिरत नाहीं. या दोहोंमधील अंतर मिलिमीटरच्या कांहीं शतांशांचें! मोठ्या एंजिनांत जी फट खपून जाते, तीच येथें सारें बळ खाऊन टाकते. शिवाय माप निम्मे केलें कीं पृष्ठभाग चतुर्थांश होतो, पण पोकळी अष्टमांश होते. म्हणून लहान सिलिंडर वाफेस फार लवकर थंड करितो. लहान यंत्र कारागिराचा दोष लपवीत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण होय.

जेम्स वॅट यास याच गुणानें वाट दाखविली. १७६३-६४ च्या हिवाळ्यांत ग्लासगो विद्यापीठाची न्यूकोमेन एंजिनाची लहान प्रतिकृति त्याच्याकडे दुरुस्तीस आली. ती थोड्याच फेऱ्यांत वाफ संपवी. त्याचें कारण शोधतां शोधतां १७६५ सालीं वाफ निराळ्या पात्रांत निवविण्याची युक्ति त्यास सुचली. परंतु १७६९ चें पेटंट हातीं असूनही मोठा सिलिंडर अचूक कातून देणारा कोणी मिळेना. पुढें १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनच्या यंत्रानें ती अडचण दूर केली. तेव्हां कोठें वॅटची कल्पना कारखान्यांत उतरली. बुद्धि आणि हात यांची फारकत झाली असती तर ती कागदावरच राहिली असती.

हें विलायतेसच साधतें, असें म्हणणारांनीं बंगालमधील टिटागडच्या गोलोकचंद्र लोहाराची आठवण ठेवावी. कोणा युरोपियन कारागिराच्या मदतीवांचून त्यानें वाफेच्या एंजिनाची प्रतिकृति घडविली, आणि १८२८ सालीं कलकत्त्याच्या प्रदर्शनांत त्यास ५० रुपयांचें बक्षीस मिळालें. बक्षीस देऊन कौतुक करणें सोपें. अशा हातांस शाळा, हत्यारें आणि मान देणें कठीण. कठीण तेंच आम्हांस आतां करावयाचें आहे.

आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती अशी कीं, कारखान्यांतून काढलेला चालू स्थितींतला लेथ भंगारांत न घालतां जवळच्या शाळेस द्यावा. कातकाम जाणणाऱ्या वृद्ध कारागिरास तेथें योग्य वेतनावर शिक्षक नेमावें. प्रत्येक मुलामुलीनें निदान एक लहान एंजिन पुरें करावें व तें प्रथम दाबलेल्या हवेवर चालवावें. बॉयलर मात्र जाणत्याकडून तपासून घेतल्यावांचून पेटवूं नये. खर्च फार नाहीं. लागतो तो धीर.

लोहाराचा मुलगा पदवी मिळवितो याचा आम्हांस आनंदच आहे. पण पदवीधराचा मुलगा लेथपाशीं उभा राहिला असतां त्याचा बाप जोंवर खालीं मान घालतो, तोंवर आमची सुधारणा अर्धीच झाली, असें आम्ही समजूं.