मधलं नाव कोणाचं?



उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आमची बैठक असते. मागच्या बैठकीला एक बाई लेकीच्या शाळेचा फॉर्म घेऊन आल्या. नवरा नऊ वर्षांपूर्वी सोडून गेलेला. धुणीभांडी करून मुलीला त्यांनीच दहावीपर्यंत आणलं. फॉर्मवर मात्र मधलं नाव त्याचं आणि पालक म्हणून सहीही त्याचीच हवी. बाई म्हणाल्या, "ताई, पोरीले पोसलं मी, मंग नाव त्याचंच काहून?" समाजकार्याची पदवी घेऊनही मी क्षणभर गप्प झाले.

इंग्रजीत जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. पुढे तेच आडनाव कायम झालं आणि त्या घरातल्या मुलीही 'जॉनचा मुलगा' झाल्या! आपल्याला हसू येतं. पण आपल्याकडे काय वेगळं आहे? आधी बापाचं नाव, लग्नानंतर त्याच जागी नवऱ्याचं. पुरुषाचं मधलं नाव जन्मभर तेच राहतं. बाईचं मात्र ताबा बदलला की बदलतं.

'आपल्यात आईचं नाव लावत नाहीत' असं म्हणणाऱ्यांनी नाशिकची पांडवलेणी पाहावीत. तिथे गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गौतमी, वासिष्ठी ही नावं त्यांच्या माहेरच्या गोत्रावरून आलेली, म्हणजे तीही बापाकडचीच. तेव्हा स्त्रियांचं राज्य होतं असं नाही. पण आईवरून ओळख सांगण्यात राजांनाही कमीपणा वाटत नव्हता, एवढं खरं.

कायदाही हळूहळू सरकतो आहे. वडील हयात असूनही मुलांची जबाबदारी घेत नसतील तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात मान्य केलं. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. या निर्णयाचं स्वागतच आहे. पण विवाहित स्त्रीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव नि आडनाव लिहिण्याची पद्धत त्याच निर्णयात तशीच ठेवली गेली. म्हणजे आई म्हणून जागा मिळाली, माणूस म्हणून मिळायची आहे. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे तरी किती जणींना ठाऊक आहे?

वस्तीतल्या त्या मुलीचा जन्म 2024 च्या कितीतरी आधीचा. तिच्यासाठी आम्ही 1999 च्या निकालाचा आधार घेऊन शाळेकडे अर्ज दिला आहे. उत्तर यायचं आहे. तोवर प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत एवढंच करावं: प्रत्येकीने आपलं नाव सांगावं, सोबत आईचं सांगावं. काही जणींना आजीचं नावही आठवणार नाही. आपली चर्चा तिथूनच सुरू होऊ द्या.