खेळातील रेल्वेचा जमाखर्च

वाचकहो, सुटीचे दिवस आले म्हणजे मुलांना संगणकावरील खेळ खेळू द्यावेत की नाही, हा प्रश्न घरोघर उपस्थित होतो. सरसकट होकार देणे सोपे आहे आणि सरसकट नकार देणेही तितकेच सोपे आहे. वडीलधाऱ्यांचे खरे कर्तव्य या दोहोंच्या मध्ये आहे. खेळ कोणता, आणि तो मुलाच्या मनावर कोणते माप ठसवितो, हे त्यांनी पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने आज आपण रेल्वेचा कारभार चालविण्याच्या खेळांचा विचार करू. यांत मारामारी नाही. रूळ टाकावयाचे, स्थानके बांधावयाची, गाड्या सोडावयाच्या आणि हिशेब सांभाळावयाचा, एवढेच यांत असते.

हा मजकूर भोपाळच्या इंद्रपुरी वसाहतीतून लिहिला जात आहे. येथून जवळच १९५६ साली स्थापन झालेल्या अवजड विद्युत उपकरणांच्या सरकारी कंपनीचा, म्हणजे आजच्या ‘भेल’चा, कारखाना आहे. विजेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनांच्या मोटारी तेथे तयार होतात. तेव्हा रेल्वे हा येथे केवळ खेळाचा विषय नव्हे, तर अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचाही विषय आहे.

या खेळांपैकी मोठा नावलौकिक मिळविलेला जुना खेळ म्हणजे सिड मायर यांचा १९९० सालचा ‘रेलरोड टायकून’. त्यात खेळणारा दहा लाख डॉलरच्या भांडवलावर कंपनी उभारतो. त्यातील निम्मे भांडवल कर्जाऊ असते. भागबाजार, प्रतिस्पर्धी कंपन्या, व्याजाचा बोजा हे सारे त्यात आहे. पैशाचे गणित शिकावयास हा खेळ उत्तम होय. मात्र त्यातील एक सोय विचार करावयास लावणारी आहे. गाड्यांची टक्कर होऊ द्यावयाची की नाही, हे खेळणाऱ्याने आरंभीच ठरवावयाचे असते! डोंगर आडवा आला तर तोही केवळ खर्चाचा आकडा ठरतो. आपल्या बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेमार्ग बांधताना हजारो मजूर प्राणांस मुकले. असा रकाना त्या खेळाच्या वहीत नाही.

दुसरा खेळ ख्रिस सॉयर यांचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’. तो १९९४ साली निघाला. पुढे हौशी मंडळींनी २००४ पासून ‘ओपन टीटीडी’ या नावाने त्याची नवी आवृत्ती चालविली. ती विनामूल्य मिळते, हे काटकसरी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. माल किती दूर नेला आणि किती लवकर पोहोचविला, यावर येथे मिळकत ठरते. पण या खेळाची खरी गोडी सिग्नलांत आहे. एक सिग्नल चुकीच्या जागी पडला की मागच्या साऱ्या गाड्या खोळंबतात. आपल्या एका निष्काळजीपणाने इतरांची वाट कशी अडते, हे मूल येथे उपदेशावाचून शिकते. शिवाय गावाजवळची झाडे बेसुमार तोडली तर नगरपालिका रुष्ट होऊन परवानगी नाकारते, हेही चांगलेच!

तिसरा खेळ न्यूझीलंडमधील ‘मिनी मेट्रो’. तो २०१५ साली पूर्णत्वास आला. त्यात पैसा मुळीच नाही. वाढत्या शहरातील स्थानके रेषांनी जोडावयाची, आणि एखाद्या स्थानकावर प्रवाशांची गर्दी फार काळ तुंबली की डाव संपतो. आपल्या मुंबईचा नकाशाही त्यात आहे. चिन्हांच्या रूपाने का होईना, वाट पाहणारा माणूस येथे केंद्रस्थानी आहे. लहान मुलांसाठी तिघांत मी हाच निवडीन. सिग्नलांची कोडी सोडविण्याची चिकाटी असलेल्या मुलास दुसरा खेळ द्यावा. पहिला मात्र जाणत्या वयाच्या मुलाने, शक्य तर वडिलांच्या सोबतीने, खेळावा.

तथापि या तिन्ही वह्यांत न बसणारा एक हिशेब भोपाळने पाहिला आहे. १९८४ सालच्या डिसेंबर महिन्यात, २ तारखेच्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि जवळच्या रेल्वे स्थानकावरही पसरला. त्या रात्री उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. मुंबईकडे जाणारी, प्रवाशांनी भरलेली गाडी फलाटावर उभी होती. तिची वेळ झालेली नव्हती. वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता त्यांनी ती गाडी वेळेआधीच सोडविली, आणि इतर गाड्या भोपाळकडे येऊ नयेत म्हणून आसपासच्या स्थानकांना कळविले. त्यांचे कित्येक सहकारी त्या वायूने मरण पावले. ते स्वतः पुढे वर्षानुवर्षे त्याचे दुष्परिणाम सोसत राहिले आणि २००३ साली वारले.

नियमांच्या वहीत ती गाडी चुकीच्या वेळी सुटली. नफ्याच्या वहीत तिच्याने एक पैसाही वाढला नाही. परंतु त्या गाडीतील प्रवासी जिवंत राहिले. रेल्वेचा कारभार म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते असणार? नियम पाळलेच पाहिजेत, कारण एरवी त्यांच्यामुळेच माणसे सुखरूप राहतात. पण नियम कोणासाठी केले आहेत, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच संकटसमयी योग्य निर्णय सुचतो.

म्हणून, पालकहो, खेळावर बंदी घालण्याची घाई नको. मुलाला ठराविक वेळ खेळू द्या. डाव संपला की त्याच्याजवळ बसून विचारा: “बाळ, हा डोंगर कोणी फोडला? या फलाटावर कोण ताटकळले? या वहीत कोणाचे नाव लिहावयाचे राहून गेले?” मुलाला लगेच उत्तर येणार नाही. पण पुढच्या वेळी गाडीने जाताना, उन्हात रुळांवर काम करणारे लोक दिसले की ते खिडकीतून त्यांच्याकडे निरखून पाहील. तेवढे झाले तरी खेळात घालविलेला वेळ सार्थकी लागला, असे खुशाल समजावे.