गाडी घेतलीत, आता संघटनेत या

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक बदल हळूहळू घडून आला आहे. पूर्वी चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत सायकली उभ्या असत. मग लुना आणि स्कूटर आल्या. आता त्याच जागेत एखादी आल्टो, एखादी वॅगन आर, तर एखादी जुनी मारुती ८०० ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली दिसते. कोणी निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून घेतलेली असते, तर कोणाच्या मुलाने नोकरी लागताच कर्ज काढून आणलेली. बहुतेक गाड्या सेकंड हँड. आम्हाला या बदलाचा आनंदच वाटतो. रात्री-अपरात्री आजारी आईला दवाखान्यात न्यायचे तर आता रिक्षावाल्याच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत.

परंतु आनंदाबरोबर काळजीही वाटते. गाडी घेताना घरातले सगळे मिळून विचार करतात. रंग कोणता, हप्ता किती, पेढे कोणाकोणाला वाटायचे. गाडी दारात आली की मात्र मालक एकटा पडतो. कागदपत्रांसाठी एजंटवर अवलंबून, दुरुस्तीसाठी मेकॅनिकवर, विम्यासाठी विकणाऱ्या माणसावर. हे तिघेही प्रामाणिक असतील तर उत्तम. नसतील तर विचारायचे कोणाला? यावर आमचे उत्तर एकच आहे. आपल्या भागातील मोटारमालकांच्या क्लबात, असोसिएशनमध्ये सामील व्हा. नसेल तर काढा.

'क्लब' म्हटले की आपला माणूस बिचकतो. क्लब म्हणजे साहेबलोकांचा, चहाच्या कपाला शंभर रुपये घेणारा, असे चित्र डोळ्यांसमोर येते. खरा इतिहास थोडा निराळा आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात १९०३ साली काही मोटारसायकलवाल्यांनी एकत्र येऊन संघटना काढली. पुढे तिचेच नाव 'एडीएसी' झाले. आज तिचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी तिची पिवळी पथके त्या देशात घरोघरी ठाऊक आहेत. इंग्लंडमध्ये १९०५ साली ऑटोमोबाईल असोसिएशन निघाली. वेगमर्यादेच्या नावाखाली पोलीस दबा धरून बसत, त्याविरुद्ध मोटारवाल्यांनी केलेली ती एकजूट होती. आपल्या मुंबईत 'वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन' १९१९ सालीच स्थापन झाली. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा होता, नोकर होते, वकील होते, त्यांनाही संघटनेची गरज वाटली. मग हप्त्यावर गाडी घेणाऱ्या आपल्याला ती किती अधिक असेल!

वाहन हाती येणे वेगळे आणि वाहन कळणे वेगळे. १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेबांच्या बाबतीत काय घडले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अस्पृश्याला टांग्यातून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा मिळाला, पण टांगेवाला मिळाला नाही. आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतले. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेत पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. दोष त्या बिचाऱ्या माणसाचा नव्हता. ज्यांना ती विद्या येत होती त्यांनी ती दिली नाही आणि ज्यांना हवी होती त्यांना ती शिकू दिली गेली नव्हती. आज ज्ञान असे अडवून कोणी ठेवू शकत नाही. पण ते आपोआप घरी चालूनही येत नाही. चार माणसांत बसल्यावरच ते मिळते.

संघटनेत बसल्याने नेमके काय कळते, याची काही उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण नाव बदलण्याचे. सेकंड हँड गाडी घेतली, पैसे दिले, किल्ली घेतली, आणि आरसी बुकावर नाव जुन्याच मालकाचे राहिले, असे आपल्याकडे सर्रास चालते. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ जोडून तो उतरवून घ्यावा लागतो. हे न केल्याने काय होते? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले की, गाडी हातोहात विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, अपघाताची भरपाई त्यानेच द्यायची. म्हणजे विकणाराही अडकला.

घेणाऱ्याचे नुकसान याहून मोठे आहे. विम्याच्या पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते मिळण्यासाठी गाडी चालवणाऱ्याच्या नावावर असावी लागते, पॉलिसी त्याच्या नावाची असावी लागते आणि परवाना चालू असावा लागतो. कमावता माणूस रस्त्यात गेला आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर निघाली, तर त्या घरातील बाईने कोणाच्या दारी जायचे? हजार-दोन हजारांची आणि दोन फेऱ्यांची टाळाटाळ लेकरांच्या तोंडचा घास काढून घेऊ शकते. हे सांगणारा एखादा जाणता सभासद शेजारी असता, तर ते नाव पहिल्याच महिन्यात चढले असते.

दुसरे उदाहरण भाड्याचे. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी लग्नाच्या वरातीला, सहलीला पैसे घेऊन दिली जाते. हप्ता भागतो म्हणून मोह होतो. परंतु खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. तशा फेरीत अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते. धंदाच करायचा असेल तर रीतसर टॅक्सीचा परवाना, पिवळी प्लेट आणि तसा विमा घेऊन करावा.

तिसरे उदाहरण हिशेबाचे. आम्ही पडलो कारकून, त्यातून वाणिज्य शाखेचे. तेव्हा आकडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाडी ही सोन्यासारखी वाढणारी ठेव नव्हे. विमा कंपनीच्या तक्त्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्क्यांनी कमी धरतात. साध्या पॉलिसीत टायर, बॅटरी, रबर-प्लॅस्टिकचे भाग यांची निम्मीच रक्कम मिळते. उलट, सलग पाच वर्षे दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते आणि ती सूट गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकून दुसरी घेतली तरी ती आपल्याबरोबर येते. हे माहीत नसल्याने कितीतरी जण दर वर्षी पूर्ण पैसे भरत राहतात.

आता संघटनेच्या खर्चाचा हिशेब. वीस सभासदांनी महिना पन्नास रुपये काढले तर वर्षाला बारा हजार जमतात. त्यात टोचन करण्याचा मजबूत दोर, बॅटरीला करंट देण्याची वायर, चांगला जॅक, हवा भरण्याचा पंप एवढे सामान सर्वांत मिळून येते. वीस गाड्यांचे काम एकाच गॅरेजला द्यायचे ठरले तर मजुरीचा दर ठरवून घेता येतो आणि काढलेला जुना पार्ट हातात मागता येतो. एकट्याने मागितला की मेकॅनिक हसतो. वीस जणांचा माणूस मागतो तेव्हा देतो.

एक अडचण मात्र स्पष्टच बोललेली बरी. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या क्लबात गेलो तर आडनाव विचारतील, गाव विचारतील, मग नजर बदलेल, ही धास्ती अनेकांच्या मनात असते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या धास्तीपायी घरी बसलो तर नुकसान आपलेच होते. विचारले तर ताठ मानेने सांगावे. वर्गणी सर्वांसारखी भरावी, सभेत सर्वांसारखे बोलावे, जबाबदारी मागून घ्यावी. दहाजणांची अडलेली गाडी चालू करून देणाऱ्या माणसाला फार दिवस कोणी कोपऱ्यात बसवू शकत नाही. आणि एखाद्या ठिकाणी मान मिळतच नसेल, तर आपला क्लब काढायला कोणाची परवानगी लागत नाही. संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात माणसे लागतात. सात गाड्या तर आता दोन गल्ल्यांत निघतील. तो काढलाच तर दार मात्र सर्वांना उघडे ठेवावे. शेजारच्या मोहल्ल्यातील माणूस आला तर त्यालाही सभासद करून घ्यावे.

भगिनींना एक विनंती. ही पुरुषांची बैठक आहे असे समजून चहा ठेवून आत जाऊ नका. विम्याचा कागद कोठे आहे, तो कधी संपतो, हे घरात तुम्हालाही माहीत हवे. मुलींना गाडी शिकवा. मागच्या सीटवर बसणाऱ्यानेही पट्टा बांधायचा असतो, हे पोरांना आईने सांगितले की ती ऐकतात. अपघात दिसला तर १०८ला फोन करा, घाबरू नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातातील जखमीवर ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार होतात. अशी माहिती क्लबाच्या प्रत्येक सभासदाच्या डॅशबोर्डवर चिकटवलेली असावी.

सुरुवात साधी करा. महिन्यातला एक रविवार ठरवा. प्रत्येकाने आरसी बुक, विमा, पीयूसी आणि परवाना घेऊन यावे. एका वहीत प्रत्येकाच्या नावापुढे चारही कागदांच्या मुदती लिहाव्यात आणि मुदत संपण्याआधी महिनाभर आठवण करण्याचे काम एकाकडे द्यावे. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची फेरनोंदणी कोणाची राहिली आहे, तेही त्याच वहीत कळेल. वर्गणीची पावती द्यावी, खात्यावर दोघांच्या सह्या ठेवाव्यात आणि वर्षाचा हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवावा. पैशांच्या संशयाने आपली अनेक मंडळे मोडली आहेत. हे मंडळ त्यात जाऊ नये.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी हे पान उलटू नये. शेजारच्या भावाने घेतली असेल तर त्याला हा मजकूर वाचून दाखवा आणि एवढेच विचारा : आरसी बुकावर नाव कोणाचे आहे? उत्तर देताना तो अडखळला, तर पहिल्या बैठकीचा पहिला विषय तुम्हाला मिळाला.