पाण्याची वही कुणाच्या हातात?

पावसाळा लागला की कोल्हापुरात माणूस माणसाला भेटल्यावर पहिलं विचारतो, राजारामला किती फूट? ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. राधानगरीचे किती दरवाजे उघडले? दरवाजे सात, धरण भरलं की आपोआप उघडणारे. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी पडतं, हे चहाच्या गाड्यावरच्या पोराला पण पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांवर गेली तेव्हा पाणी कधी सोडलं, किती सोडलं, अलमट्टीनं किती अडवलं, यावरून अख्खा जिल्हा सरकारशी भांडला. भांडता आलं, कारण आकडा चव्हाट्यावर होता.

दोस्तांनो, ज्या पाण्याचा आकडा चव्हाट्यावर येत नाही त्याबद्दल मला बोलायचं आहे. कोळशाच्या खाणीतलं पाणी.

कुणी म्हणेल, कोल्हापुरात कोळशाची खाण कुठं आहे? नाही. पण शिरोलीच्या फौंड्रीत कुपोला पेटतो तो कोकवर. तो कोक ज्या कोळशाचा होतो तो झरियासारख्या पट्ट्यातनं निघतो. तिथं खाली उतरणारे कोण? संथाळ, बाउरी, भुइयां. म्हणजे आपलेच. नाव वेगळं, वेस तीच.

खाण खणली की पाणी येणारच. जमिनीतनं झिरपतं, पावसाचं उतरतं. ते उताराने सगळ्यात खोल जागी आणतात, त्याला संप म्हणतात. तिथं पंप बसवतात आणि रात्रंदिवस वर फेकतात. वर आलेलं पाणी आधी तळ्यात निवळायला पाहिजे, मग नाल्यात. उघड्या खाणीला भोवतीनं चर पाहिजे, म्हणजे बाहेरचा पाऊस आत घुसणार नाही. एवढंच शास्त्र. मॅट्रिक झालेल्या हमालाला समजतं, तर इंजिनियरला समजत नसेल असं नाही.

खरं भय शेजारच्या जुन्या खाणीचं. कोळसा काढून सोडून दिलेली खाण वर्षानुवर्षं भरत राहते. पाणी दहा मीटर उभं असलं की तळाच्या एका चौरस मीटरवर दहा टनांचा भार. पन्नास मीटर असलं तर पन्नास टन. आमच्या हिशेबात पन्नास किलोची हजार पोती. आणि त्या भाराच्या अलीकडे कोळशाची भिंत, भिंतीच्या अलीकडे कामगार. भिंत किती जाड आहे ते फक्त नकाशा सांगतो. नकाशा साहेबाच्या कपाटात.

२७ डिसेंबर १९७५. चासनाला, धनबादजवळ, दामोदरच्या काठाला. जुन्या कामातलं पाणी फुटून खाणीत शिरलं. पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. पाणी उपसून प्रेतं वर यायलाच आठवडे गेले. त्यावरून १९७९ साली 'काला पत्थर' निघाला. अमिताभ बघून आपण शिट्ट्या मारल्या. खटल्याचा निकाल २०१२ साली लागला. छत्तीस वर्षांनी दोन अधिकाऱ्यांना एकेक वर्षाची शिक्षा. माणसं मोजा आणि महिने मोजा.

शहाणपण आलं म्हणाल तर २ फेब्रुवारी २००१ ला बागडिगीत तेच झालं. शेजारच्या बंद खाणीचं पाणी, २९ मेले. १३ डिसेंबर २०१८ ला मेघालयात कसानच्या उंदीरबिळात पंधरा अडकले. पाणी उपसायला लांबलांबून पंप गेले, आपल्या शेजारच्या किर्लोस्करांचे पण. मेल्यावर पंप मिळतो. जित्यापणी मिळत नाही.

कायदा नाही म्हणून हे होत नाही. पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय पुढं खणायचं नाही, खणलं तर पुढं भोकं पाडून पाणी आहे का बघत जायचं, हे १९५७ च्या नियमांत होतं आणि २०१७ च्या नियमांतही आहे. खाणीचं तोंड सगळ्यात मोठ्या पुराच्या पातळीहून दीड मीटर वर पाहिजे. पाण्याच्या धोक्याचा वेगळा नकाशा ठेवायला पाहिजे. आपल्याकडं निळी रेषा, लाल रेषा असते, तसाच तो प्रकार. पण कोल्हापूरकर लाल रेषेवरून बिल्डरच्या नावानं बोंब मारू शकतो. खाणीतल्या ठेकेदारीच्या पोरानं नकाशा मागून बघावा!

गोदीत माझ्याबरोबर चंद्रपूरकडचा एकजण होता. आधी तिकडं एका खाणीत ठेक्यावर पंप खलाशी. तो सांगायचा, रात्री लाइट गेली की पंप बंद. पाणी किती चढलं ते बॅटरीच्या उजेडात दगडावरच्या खुणेनं बघायचं. सकाळी वहीत कोण काय लिहितं ते त्याला कधी दाखवलं नाही. माहीत त्याला होतं, लिहायचं दुसऱ्यानं, सही तिसऱ्यानं.

जहाजावर असं नसतं. कोळसा भरलेल्या जहाजाच्या तळाला पाणी निथळतं. तिथं रोज मोजमाप होतं, इंच न् इंच वहीत चढतं. का? माल विम्याचा असतो. खाणीतल्या माणसाच्या जिवाला मालाएवढी तरी वही द्या, एवढंच मागणं आहे.

आणि पाणी वर आलं म्हणून संपत नाही. चंद्रपूरला जाऊन बघा. इरईच्या काठाला खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत. पाऊस पडला की माती नदीत. घाईनं उपसलेलं, न निवळलेलं पाणी नाल्यातनं इरईत, इरईतनं वर्धेत. काठाच्या वस्तीत कुणाची घरं असतात ते तुम्हाला सांगायला नको. तिकडं नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला वेकोलिनं खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावानं बाटलीत भरलं. म्हणजे पाणी स्वच्छ करता येतं. मनात असलं की येतं. माझी तक्रार बाटलीबद्दल नाही. बाटली होऊ शकते तर नाला का होऊ शकत नाही?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या पट्ट्यात स्वतः खाणीत उतरले होते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ ला, कोळसा कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. त्याच खात्यात बसून त्यांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढं रेटली. कोळसा आणि पाणी एकाच माणसाच्या टेबलावर होतं. आपण जयंतीला त्यांच्या फोटोला हार घालतो, महाडच्या २० मार्चवर कविता लिहितो. मीपण लिहिल्या. पण आपल्यातल्या किती कवींना संप म्हणजे काय ते ठाऊक आहे? चवदार तळ्यावर आपल्याला पाणी घ्यायला मनाई होती. खाणीत आपल्याला पाण्यात उभं करतात आणि त्याची माहिती घ्यायला मनाई करतात. शिवायची बंदी वहीपर्यंत आली, एवढाच फरक.

म्हणून नुसती चीड पुरणार नाही. मागण्या नीट मांडा.

एक, संपातली पातळी आणि चालू-बंद पंपांचा आकडा प्रत्येक पाळीला खाणीच्या तोंडाशी फळ्यावर लिहा, कामगाराच्या भाषेत.

दोन, पाण्याच्या धोक्याचा नकाशा कामगारांच्या प्रतिनिधीला दाखवा, ठेक्यावरच्यालाही. भिंत किती मीटर उरली ते खाली उतरणाऱ्याला आधी सांगा.

तीन, नाल्यात पाणी सोडायच्या आधी खालच्या गावाला आणि वस्तीला दवंडी द्या. राधानगरीचा भोंगा वाजतो, तर खाणीचा का नाही?

चार, पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो इंग्रजीत कुठंतरी पडून असतो. तो मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. नाही लावला तर २००५ चा माहिती अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. एवढ्यात सिगरेटसुद्धा येत नाही.

चंद्रपूर, वणी, उमरेडच्या आपल्या पोरांनी अर्ज टाकावेत. कोल्हापूर-मुंबईच्या पोरांनी ते लिहून द्यावेत, कागद वाचावेत, इथं छापावेत. पुढचा पावसाळा काही आपल्या ठरावासाठी थांबणार नाही.

जय भीम.