बी कुणाच्या कणगीत?

मेंदूला जात नसते. पण मेंदूवर संशोधन करायला पैसा लागतो, आणि पैसा जात बघतो, रंग बघतो.

अमेरिकेतला तरुण मेंदूशास्त्रज्ञ सरकारी आरोग्य संस्थेकडं मोठं अनुदान मागायला जातो. तिथं विचारतात, सुरुवातीचे निष्कर्ष कुठायत? निष्कर्षाला प्रयोग हवा, प्रयोगाला पैसा. आधी पीक दाखव, मग बी देतो! म्हणून पेरणीचं छोटं अनुदान लागतं. ब्रेन अँड बिहेवियर रिसर्च फाउंडेशन १९८७ पासून तसं देते. पण बाहेरच्या देणगीवर किती शेतं पिकणार?

२०११ साली डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हिशेब मांडला. शिक्षण, प्रशिक्षण, शोधनिबंध सगळं जमेस धरलं, तरी सरकारी अनुदान मिळण्यात काळे संशोधक गोऱ्यांपेक्षा शंभर अर्जांमागं १० नं मागं. आता बोला गुणवत्तेवर!

१९७२ साली मुंबईत ज्यांचं नाव घेऊन आपण पँथर झालो, त्यांच्या लेकरांची ही गोष्ट. कराच्या पैशात त्यांचाही घाम आहे. तेव्हा पहिलं बी सरकारनं द्यावं, वशिला न बघता द्यावं, आणि कुणाला दिलं, कुणाला नाकारलं, ते चव्हाट्यावर मांडावं.